प्रतिदीप्ती लेबल लावून मोजलेल्या आकड्यांवर किती विसंबावे?

पर्णहरित (धागाकर्ती)

नमस्कार. वनस्पतींच्या अर्कातील मुक्त अमिनो आम्ले मोजण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. ट्रिप्टोफॅन, टायरोसिन असे थोडे अपवाद सोडले तर ही आम्ले स्वतःहून डिटेक्टरला फारशी दिसत नाहीत. म्हणून ऑर्थो-थॅलाल्डिहाइड (यापुढे ओपीए) आणि मर्कॅप्टोइथेनॉल यांच्याबरोबर त्यांची अभिक्रिया घडवून आधी चमकणारे लेबल लावायचे, मग एचपीएलसी यंत्राच्या कॉलमवर (मिश्रणातले घटक एकामागून एक बाहेर सोडणाऱ्या नळीवर) ती वेगळी करायची आणि ३४० नॅनोमीटरचा प्रकाश टाकून ४५५ नॅनोमीटरला परत येणारा प्रकाश, म्हणजे प्रतिदीप्ती, मोजायचा, अशी आमची रीत आहे.

स्टँडर्ड (प्रमाण आधीच माहीत असलेल्या) द्रावणांचा आलेख अगदी सरळ येतो. नमुन्यांचे मात्र तसे नाही. सकाळी एकदम लेबल लावून ट्रेमध्ये ठेवलेल्या कुप्यांपैकी शेवटच्या कुप्यांचे पीक (डिटेक्टरच्या आलेखावरचे उंचवटे) पहिल्यांच्या मानाने खुजे निघतात. अर्कात माहीत असलेले प्रमाण मुद्दाम मिसळून पाहिले, तर तेही पुरते परत मिळत नाही. आणि पाण्याचा ताण पडलेल्या रोपांत वाढणारे जे प्रोलिन मोजण्यासाठी हा सारा खटाटोप चालला आहे, ते तर दिसतच नाही.

माझा प्रश्न या तक्रारींपुरता नाही. जो रेणू मोजायचा त्यालाच आधी बदलून टाकायचे आणि बदललेल्या रेणूवरून मूळ रेणूबद्दल बोलायचे, हे कितपत भरवशाचे आहे? लेबलाचा नाद सोडून थेट मास स्पेक्ट्रोमीटरकडे (रेणूंचे आयन करून वस्तुमानावरून ते ओळखणाऱ्या यंत्राकडे) वळावे का? जाणकारांनी मते द्यावीत.

बोरेट

प्रोलिनचे उत्तर सोपे आहे. ओपीए केवळ प्राथमिक अमाइनला, म्हणजे एकाच कार्बनला जोडलेल्या नायट्रोजनला, लागते. प्रोलिनमधला नायट्रोजन वलयात गुंतलेला, म्हणजे ते द्वितीयक अमाइन; ओपीए कितीही ओतले तरी तिथे काही घडणार नाही. त्यासाठी एफमॉक क्लोराइड घ्या, ते द्वितीयक अमाइनलाही लागणारे लेबल आहे. बाकीच्या गोष्टींवर सविस्तर लिहितो, तोवर इतरांचे येऊ द्या.

आयनमार्ग

माझे मत स्पष्ट आहे. मास स्पेक्ट्रोमीटर हाताशी असेल तर लेबलाच्या भानगडीत पडू नये. प्रत्येक अमिनो आम्लाचे जड समस्थानिक असलेले रूप विकत मिळते. ते नमुन्यात ठरावीक प्रमाणात मिसळले की कॉलमवर, आयनस्रोतात, सगळीकडे ते मूळ रेणूच्या जोडीने जाते आणि वाटेत जे नुकसान होईल ते दोघांचे सारखेच होते. ही सोय प्रतिदीप्तीत नाही, कारण त्या डिटेक्टरला कार्बन-१२ आणि कार्बन-१३ यांतला फरक कळत नाही. रेणूला शेपूट जोडायचे, जोडणी पुरी झाली की नाही याची काळजी करायची, उरलेले रीएजंट (लेबल लावणारे रसायन) काढायचे, आणि एवढे करून ओळख पटवायची ती केवळ पीक किती मिनिटांनी आला यावरून! हे कशासाठी?

उगाच_डोकावणारा

विषय माझा नाही, पण वाचतो आहे. एक भाबडी शंका: चमकते ते नेमके काय? आम्ल चमकू लागते की त्याला चिकटवलेला रंग?

तरंगलांबी

@उगाच_डोकावणारा, शंका भाबडी नाही, कारण उत्तर रीएजंटागणिक बदलते. फ्लुरेसिन आयसोथायोसायनेटसारख्या रीएजंटमध्ये चमकणारा भाग आधीच तयार असतो आणि तो प्रथिनाला जोडला जातो. ओपीएचे तसे नाही. ओपीए स्वतः चमकत नाही, मर्कॅप्टोइथेनॉल चमकत नाही, ग्लायसिनही चमकत नाही. तिघे एकत्र आले की आयसोइंडोल नावाचे नवे वलय बनते आणि चमकते ते हे वलय. १९७२ मध्ये पुढे आलेले फ्लुरेस्कामाइन याच जातीचे. ते प्राथमिक अमाइनशी क्षणार्धात जुळते, आणि उरलेले पाण्याशी अभिक्रिया होऊन काही सेकंदांत न चमकणाऱ्या पदार्थात बदलते. उरलेले रीएजंट आपोआप अंधारात जाते, ही केवढी तरी मोठी सोय आहे.

मुळात प्रतिदीप्तीचा आग्रह का, हेही सांगतो. शोषण मोजताना आपण येणारा प्रकाश आणि जाणारा प्रकाश या दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी करतो. पोत्यावर बसलेल्या माशीचे वजन काढायला पोते माशीसकट आणि माशीविना तोलावे, तसे ते आहे. प्रतिदीप्तीत टाकलेल्या प्रकाशापेक्षा लांब तरंगलांबीचा प्रकाश बाहेर पडतो, हे स्टोक्सने १८५२ मध्ये दाखवले. त्यामुळे टाकलेला प्रकाश फिल्टरने अडवून जवळजवळ काळ्या पार्श्वभूमीवर मोजता येते आणि पिकोमोलच्याही खाली उतरता येते. पार्श्वभूमी अगदीच काळी नसते म्हणा. पाणी स्वतः रामन विकिरण करते, म्हणजे टाकलेला प्रकाश थोड्या लांब तरंगलांबीला विखुरते: ३४० नॅनोमीटरचा प्रकाश टाकला तर पाण्याचा रामन पीक ३८४ च्या आसपास येतो. ओपीएचा ४५५ त्यापासून बराच दूर आहे. एफमॉकला मात्र २६६ ला उत्तेजित करून ३०५ ला मोजतात आणि तिथे पाण्याचा रामन पीक २९२ च्या आसपास, अगदी शेजारीच असतो. म्हणून एफमॉकची बेसलाइन थोडी वर दिसली तर घाबरू नये. डिटेक्टरची स्लिट (प्रकाशाची फट) अरुंद करून पाहावी.

जुना_विश्लेषक

धागाकर्तीचा मूळ प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा लांबण लावतो. लेबलाच्या पद्धतीत डिटेक्टर अमिनो आम्ल मोजत नाही. अभिक्रिया किती पुरी झाली आणि तयार झालेला पदार्थ मोजेपर्यंत किती टिकला, हे दोन्ही त्या आकड्यात मिसळलेले असते. या दोन्ही बाबी स्टँडर्डमध्ये आणि नमुन्यात सारख्या असतील तर आकडा खरा. त्या सारख्या नसतील, तर तुमचा आलेख कितीही सरळ असो, तो स्टँडर्डपुरताच सरळ आहे.

आता खुज्या पीकांबद्दल. ओपीएची अभिक्रिया खोलीच्या तापमानाला मिनिटभरात उरकते, पण मर्कॅप्टोइथेनॉल घेऊन बनलेले आयसोइंडोल तकलादू असते आणि सगळ्या आम्लांचे ते सारख्या वेगाने मोडत नाही. ग्लायसिन आणि लायसिनचे लवकर मोडते, ग्लुटामिक आम्ल किंवा व्हॅलिनचे बरेच सावकाश. शेवटच्या कुप्यांचे क्रोमॅटोग्राम या नजरेने पुन्हा पाहा. सगळे पीक एकाच प्रमाणात खाली आले असतील तर डिटेक्टरच्या झेनॉन दिव्यावर किंवा इंजेक्शनच्या आकारमानावर संशय घ्या. ग्लायसिन आणि लायसिन इतरांपेक्षा जास्त घसरले असतील, तर कुप्या ट्रेमध्ये ताटकळल्या हेच कारण.

उपाय दोन आहेत. पहिला म्हणजे सकाळी एकदम लेबल लावणे बंद करून ते काम ऑटोसॅम्पलरकडे (नमुने आपोआप उचलून कॉलमवर सोडणाऱ्या भागाकडे) सोपवणे: सुईत थोडा बफर, थोडे रीएजंट, थोडा नमुना ओढायचा, आतल्या आत मिसळायचा, ठरलेला वेळ थांबायचे आणि लगेच कॉलमवर सोडायचे. क्षय याने थांबत नाही, पण पहिल्या नमुन्यापासून शेवटच्यापर्यंत सारखाच होतो, आणि स्टँडर्डचाही तेवढाच होतो. दुसरा उपाय म्हणजे मर्कॅप्टोइथेनॉलऐवजी ३-मर्कॅप्टोप्रोपिऑनिक आम्ल घेणे. त्याचे आयसोइंडोल जास्त टिकते. मी दोन्ही एकत्रच करतो.

मूकवाचक

शिवाय मर्कॅप्टोइथेनॉलची बाटली उघडली की सबंध मजल्याला कळते की आज अमिनो आम्लांचा वार आहे. तेवढा तरी त्रास वाचेल.

चौकसबुद्धी

@मूकवाचक, मर्कॅप्टोप्रोपिऑनिक आम्लाचा वास तुम्ही घेतलेला दिसत नाही.

बोरेट

आता राहिलेला मुद्दा, मिसळलेले परत न मिळण्याचा. तुमचा अर्क कशात काढला आहे? वनस्पतींसाठी पुष्कळ जण परक्लोरिक किंवा ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल वापरतात, प्रथिने खाली बसावीत म्हणून. ते ठीकच आहे. पण ओपीएला सामू ९ ते १० च्या दरम्यान लागतो. त्याखाली अमाइनवर प्रोटॉन बसून राहतो आणि अभिक्रिया रेंगाळते. तुमचे स्टँडर्ड बहुधा पाण्यात किंवा अगदी विरळ आम्लात असणार आणि बोरेट बफर (सामू स्थिर राखणारे द्रावण) त्याला सहज पुरून उरत असणार. अर्कातले आम्ल त्याच बफरला झेपते का, हे पाहायला हवे. सगळे मिसळून झाल्यावर त्या मिश्रणाचा एक थेंब सामूच्या पट्टीवर टाका. ही तपासणी इतकी साधी आहे की कोणी करत नाही.

दुसरी शक्यता अशी की रीएजंट अपुरे पडते आहे. अर्कात तुम्ही मोजत नसलेली कितीतरी प्राथमिक अमाइन्स असतात, आणि अमोनियाही असतो. ती सगळी ओपीएचा वाटा घेतात. तपासायची युक्ती अशी: तोच अर्क निम्मा विरळ करून पुन्हा चालवा. पीक बरोबर निम्मे झाले तर रीएजंट पुरेसे आहे. निम्म्यापेक्षा मोठे राहिले, तर आधी काहीतरी अडत होते असे समजावे.

तरंगलांबी

@बोरेट, सहमत, पण विरळ करून पीक निम्म्यापेक्षा मोठा राहण्याला आणखी एक कारण असू शकते. अर्क गडद असेल आणि त्यातले एखादे द्रव्य त्याच आम्लाबरोबर बाहेर पडून ३४० चा प्रकाश आधीच शोषून घेत असेल, तर लेबल जागेवर असूनही कमी चमकते. कॉलमनंतर ही अडचण क्वचित येते. कॉलमशिवाय क्युवेटमध्ये (पारदर्शक कुपीत) सरळ मोजणाऱ्यांना मात्र ती नेहमी गाठते, आणि त्यांना वाटते की अभिक्रियाच झाली नाही.

प्रतिपिंड

मी मोठ्या रेणूंकडचा माणूस, त्यामुळे धाग्याला किंचित बाजूला नेतो. प्रतिपिंडांवर फ्लुरेसिन बसवण्याचे काम कून्स आणि सहकाऱ्यांनी १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला केले, तेव्हापासून आमच्याकडे प्रश्न उलटा आहे. तुमची काळजी लेबल कमी बसण्याची, आमची जास्त बसण्याची. एका प्रतिपिंडावर लायसिनच्या पुष्कळ जागा असतात. त्या सगळ्या भरल्या की प्रतिपिंड आपल्या प्रतिजनाला धरीनासा होतो. शिवाय फ्लुरेसिनचे रेणू एकमेकांजवळ आल्याने एकाची ऊर्जा दुसऱ्याकडे जाऊन उजेड वाढण्याऐवजी घटतो. म्हणून दर प्रथिनामागे सरासरी किती लेबले बसली हे मोजल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही. ४९४ नॅनोमीटरच्या शोषणावरून रंगाची संहती काढायची, २८० च्या शोषणातून रंगाचा वाटा (फ्लुरेसिनसाठी ४९४ च्या शोषणाच्या सुमारे ०.३ पट) वजा करून प्रथिनाची काढायची, आणि भागाकार करायचा. त्याआधी जेलच्या छोट्या कॉलममधून न बसलेला रंग काढून टाकलेला असला पाहिजे, नाहीतर तो भागाकार निरर्थक आहे.

बफरबद्दल बोरेट यांनी लिहिलेच आहे; त्यात एवढीच भर की सक्सिनिमिडिल एस्टरने (अमाइनला जोडल्या जाणाऱ्या रीएजंटने) लेबल लावताना ट्रिस किंवा ग्लायसिन असलेला बफर घेऊ नये. दोन्ही स्वतःच प्राथमिक अमाइन्स आहेत. रीएजंट त्यांनाच लागते आणि प्रथिन कोरडे राहते. फ्रीझरमधली कुपी खोलीच्या तापमानाला येण्याआधी उघडली की आत दव धरते आणि एस्टरचे पाण्यामुळे विघटन सुरू होते, हेही नवीन मुलांना बजावून सांगावे लागते.

आयनमार्ग

@जुना_विश्लेषक, प्रतिसाद आवडला, पण तुम्ही जे सांगितलेत ते माझ्याच बाजूचे आहे. पट्टीवर थेंब टाका, अर्क निम्मा करा, सुईत मिसळा, मिनिटे मोजा. एवढी राखण ज्या पद्धतीला लागते ती सोडून द्यायला काय हरकत आहे?

जुना_विश्लेषक

@आयनमार्ग, राखण तुमच्या यंत्रालाही लागते. अर्कातले क्षार आणि इतर द्रव्ये आयनस्रोतात तुमच्या रेणूचे आयनीभवन दाबून टाकतात, म्हणून तर तुम्हाला जड समस्थानिक मिसळावे लागते. ग्लायसिनसारखे लहान आणि ध्रुवीय रेणू नेहमीच्या सी-१८ (तेलकट, पाण्याला नकोशा) कॉलमवर थांबत नाहीत, सगळ्या क्षारांसोबत सुरुवातीलाच निघून जातात. आणि मास स्पेक्ट्रोमीटरवाले लेबल लावत नाहीत असे कोणी सांगितले? इस्ट्राडायोल हे संप्रेरक अगदी कमी प्रमाणात मोजायचे असले की त्याला डान्सिल क्लोराइड जोडूनच यंत्रात सोडण्याची पद्धत रूढ आहे. हे तेच डान्सिल, जे वेबर यांनी १९५२ मध्ये प्रथिनांना जोडून त्यांची प्रतिदीप्ती अभ्यासली आणि ज्याच्या साहाय्याने ग्रे आणि हार्टली यांनी १९६३ मध्ये पेप्टाइडचे पहिले अमिनो आम्ल ओळखण्याची रीत दिली.

आयनमार्ग

डान्सिलचा मुद्दा मान्य. मीही ते वापरले आहे. पण तिथे ते प्रकाशासाठी नसते. त्यातला डायमेथिलअमिनो गट सहज प्रोटॉन धरतो आणि नॅप्थॅलीनमुळे रेणू कॉलमवर थांबतो. एका नमुन्याला साधे डान्सिल आणि दुसऱ्याला कार्बन-१३ चे जड डान्सिल लावून दोन्ही एकत्र चालवता येतात. म्हणजे लेबल मला वर्ज्य नाही. लेबलाशिवाय दुसरा साक्षीदार नसलेली पद्धत मला नको वाटते.

साखरसाखळी

ग्लायकनांच्या बाबतीत मी लेबलाच्या बाजूने मत देईन. ग्लायकन म्हणजे प्रथिनांवरच्या साखरेच्या साखळ्या. त्या वेगळ्या काढल्या की प्रत्येक साखळीला एकच क्षपणक टोक उरते, आणि २-अमिनोबेंझामाइड त्या एकाच टोकाला बसते. साखळी लहान असो की फांद्या फुटलेली मोठी, एका रेणूमागे लेबल एकच. त्यामुळे पीकांच्या क्षेत्रफळांवरून साखळ्यांचे मोलर गुणोत्तर थेट सांगता येते, प्रत्येकीचे स्टँडर्ड नसले तरी. आयनीभवनात मात्र लहान-मोठ्या आणि सियालिक आम्ल असलेल्या साखळ्या वेगवेगळ्या वागतात, त्यामुळे तिथे हा सरळ हिशेब चालत नाही. अमिनो आम्लांना हा लाभ पुरता मिळत नाही, कारण तिथे वलयाची चमक आम्लागणिक बदलते.

या अभिक्रियेत सोडियम सायनोबोरोहायड्राइड वापरतात, त्याबद्दल एक सूचना: उरलेले मिश्रण आम्लाच्या बाटलीत ओतू नका. हायड्रोजन सायनाइड तयार होतो. २-पिकोलिन बोरेन त्याऐवजी चालते.

चौकसबुद्धी

काही रेणूंना लेबलाची गरजच नसते, थोडा धक्का पुरतो. अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषांची नावेच निळ्या आणि हिरव्या चमकेवरून बी आणि जी अशी पडली, पण पाणी असलेल्या द्रावकात बी१ आणि जी१ यांची चमक मंदावते. मग कॉलमच्या पुढे ब्रोमीन किंवा आयोडीनशी अभिक्रिया घडवतात, किंवा अतिनील दिव्याभोवती गुंडाळलेल्या नळीतून द्रावण नेतात. वेगळे करून झाल्यावर अभिक्रिया होत असल्याने अर्कातली इतर द्रव्ये तोवर बाजूला गेलेली असतात. धागाकर्तीने ओपीएसुद्धा कॉलमच्या पुढे लावायला हरकत नाही. तशी पद्धत जुनी आहे. मात्र एक पंप वाढतो आणि पीक थोडे पसरतात.

पर्णहरित (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. काही गोष्टी करून पाहिल्या, त्या सांगते. शेवटच्या कुप्यांत ग्लायसिन आणि लायसिन खरोखरच इतरांपेक्षा जास्त घसरलेले आहेत, ग्लुटामिक आम्ल जवळपास जागच्या जागी आहे. ऑटोसॅम्पलरमध्ये सुईत मिसळण्याचा प्रोग्राम लिहिल्यावर ही घसरण गेली. बोरेट यांनी सुचवलेली पट्टीही वापरली. स्टँडर्डच्या मिश्रणाचा सामू १० च्या जवळ होता आणि अर्काच्या मिश्रणाचा ८ च्याही खाली! आता अर्क आधी पोटॅशियम बायकार्बोनेटने उदासीन करून, परक्लोरेट खाली बसवून, वरचे द्रावण तीव्र बोरेटमध्ये घेते आहे. मिसळलेले बहुतेक सगळे परत मिळते. ओपीएनंतर एफमॉक लावल्यावर प्रोलिन शेवटी वेगळे आणि स्पष्ट दिसते.

दोन गोष्टी उरल्या. लायसिनचा पीक ताज्या स्टँडर्डमध्येही त्याच मोलर प्रमाणातल्या इतरांपेक्षा लहान का येतो? आणि सिस्टिन (दोन सिस्टीन डायसल्फाइड बंधाने जोडून बनलेले आम्ल) जवळपास दिसत का नाही?

बोरेट

लायसिनला दोन अमाइन गट, म्हणून त्यावर दोन आयसोइंडोल बसतात आणि ते एकमेकांची चमक विझवतात. प्रतिपिंड यांनी फ्लुरेसिनबद्दल लिहिले त्याचीच ही छोटी आवृत्ती. रीएजंटमध्ये ब्रिज-३५ हे पृष्ठसक्रिय द्रव्य थोडे घातले की लायसिन बरेच सुधारते. सिस्टिन आणि सिस्टीन यांची ओपीएबरोबरची चमक मुळातच क्षीण आहे. डायसल्फाइड बंध तोडून, आयोडोअॅसेटिक आम्लाने थायोल झाकून मग ओपीए लावावे लागते. ते आम्ल विषारी आहे, हातमोज्यांशिवाय बाटली उचलू नये.

तरंगलांबी

एफमॉकसाठी डिटेक्टरची तरंगलांबी धावेच्या मध्येच बदलत असाल, तर बदलाचा क्षण शेवटच्या ओपीए पीकाच्या पुरेसा पुढे ठेवा. आणि पाण्यामुळे विघटन झालेले एफमॉक स्वतःही चमकते. प्रोलिनजवळ एखादा दांडगा पीक दिसला तर तो बहुधा तोच. फक्त पाणी घेऊन एक ब्लँक चालवा, म्हणजे कळेल. त्या ब्लँकमध्ये सेरिन आणि ग्लायसिन दिसले तर ते कोणाच्या तरी बोटांचे आहेत.

आयनमार्ग

@पर्णहरित, तुमचे निकाल वाचून बरे वाटले. त्यातले थोडे अर्क जड समस्थानिक मिसळून मास स्पेक्ट्रोमीटरवरही चालवा, अशी सूचना करतो. दोन्हींचे आकडे शेजारी ठेवले की तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आमच्या मतांपेक्षा चांगले मिळेल.

जुना_विश्लेषक

ही सूचना मलाही पटते, फक्त एक पुरवणी जोडतो. जड समस्थानिक आणि लेबलाच्या पद्धतीत वापरले जाणारे नॉरव्हॅलिन हे आंतरिक स्टँडर्ड (नुकसान कळावे म्हणून नमुन्यातच ठरावीक प्रमाणात मिसळायचे आम्ल), दोन्ही अर्क तयार झाल्यावर मिसळलीत, तर दोन्ही पद्धतींचे आकडे छान जुळतील आणि पानातून जे बाहेरच आले नाही ते दोन्हींत सारखेच गायब असेल. मिसळायचे ते ऊतींतच.

पर्णहरित (धागाकर्ती)

म्हणजे पान द्रव नायट्रोजनमध्ये दळण्याच्या आधी की नंतर?

जुना_विश्लेषक

दळल्यानंतर, गोठलेल्या भुकटीवर, आणि आम्ल ओतण्याच्या आधी. आधी घातले तर खलातच चिकटून राहील. आणि प्रोलिनसाठी वेगळे स्टँडर्ड घ्या, कारण नॉरव्हॅलिन प्राथमिक अमाइन आहे आणि ते एफमॉकच्या टप्प्याची साक्ष देऊ शकत नाही. सार्कोसिन बरेच जण वापरतात; फक्त तुमच्या रोपांत ते मुळात नाही ना, हे न मिसळलेल्या अर्कावर पाहून घ्या.